समकालीन कलादालन नेमकं कुणाचं? शेजाऱ्यांचं की पाहुण्यांचं?

खुर्चीवरून

मंडळी,

गेली तीन वर्षं आठवड्यातले दोन दिवस मी एका समकालीन कलादालनात बसते. बसते म्हणजे खरोखरच बसते. कोपऱ्यात एक खुर्ची आहे, त्या खुर्चीवर. कामांना कुणी हात लावू नये, एवढंच माझं काम. पगार नाही, हौस आहे.

दालनासमोर बसथांबा आहे आणि थांब्यामागे मोठी वस्ती. पाऊस आला की थांब्यावरची माणसं आमच्या छज्जाखाली येतात, काचेला नाक लावून आत बघतात आणि पाऊस थांबला की निघून जातात. दार उघडं असतं. तिकीट नाही. एकदा मी एका बाईंना "या ना आत" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "नको, पाय ओले आहेत."

तेव्हापासून ते ओले पाय डोक्यातून जात नाहीत. आमच्या वार्षिक अहवालात 'स्थानिक लोकांशी दृढ नातं' असं वाक्य दरवर्षी असतं. मी मात्र तीन वर्षांत समोरच्या वस्तीतली जी माणसं आत आलेली पाहिली, त्यातली निम्मी स्वच्छतागृह विचारत आली होती. (तक्रार नाही. स्वच्छतागृह ही चांगली सुरुवात आहे, असं माझं मत झालंय.)

तर प्रश्न असा: समकालीन कलेच्या दालनाचा आजूबाजूच्या लोकांना काय उपयोग? असावा का? कुठे खरोखर झालाय का? अनुभव, उदाहरणं, भांडण, सगळं चालेल. फक्त 'लोकांना कला कळत नाही' ही एक ओळ टाकून कुणी पळू नका.

खडूस

घ्या, पहिला प्रतिसाद माझा. हलके घ्यालच.

ओले पाय हे निमित्त नाही, ते खरं कारण आहे. पांढऱ्या भिंती, चकचकीत फरशी, कुणी सांगितलेलं नसताना कुजबुजत बोलणारी माणसं. तिथे ओला पाय टाकायचा म्हणजे आपण डाग आहोत असं वाटतं. मी एकदा धीर करून गेलो होतो. मध्यभागी दोरखंडांचा ढीग. भिंतीवरची पट्टी तीनदा वाचली. 'अवकाशाच्या राजकारणाशी संवाद' असं काहीसं होतं. मला फक्त दोर इतका जाड का, हे विचारायचं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने माझ्याकडे असं बघितलं की मी दोर चोरायलाच आलोय. (तुम्ही नव्हता ना?)

वाचनालय पुस्तक देतं, दवाखाना औषध देतो, बागेत बाक असतो. गॅलरी काय देते?

छापखाना

खडूस, दोर इतका जाड का हा त्या कामाबद्दल विचारता येईल असा सगळ्यात चांगला प्रश्न होता. पट्टी लिहिणाऱ्याने तोच टाळला, यात तुमचा दोष नाही.

मी छापचित्रं करतो, त्यामुळे गॅलऱ्यांशी पोटाचा संबंध आहे. आधी एक घोळ निस्तरू. 'गॅलरी' या एका शब्दात तीन वेगळ्या जागा कोंबल्या जातात. एक विक्रीची गॅलरी, जी चित्र विकते आणि साधारण निम्मी रक्कम ठेवते. तिला प्रवेश फुकट असतो कारण ते दुकान आहे, आणि दुकानात शिरायला तिकीट नसतं. दुसरी सार्वजनिक पैशावर किंवा न्यासावर चालणारी. तिसरी चित्रकारांनीच एकत्र येऊन भाड्याच्या जागेत चालवलेली, जी सहसा भाडं वाढलं की बंद पडते. वस्तीसाठी काय केलं, हा जाब पहिलीला विचारण्यात अर्थ नाही. दुसरीला विचारलाच पाहिजे. तिसरी बिचारी स्वतःच वस्तीतली असते.

झालाय का म्हणालात, तर लंडनची व्हाइटचॅपल गॅलरी. १९०१ साली शहराच्या पूर्वेकडच्या गरीब, स्थलांतरितांच्या भागात उघडली. जे लोक चित्रं बघायला पलीकडे जाणार नाहीत त्यांच्याकडे चित्रंच आणायची, हा हेतू. हेतू जरा वरून खाली बघणारा होता, हे कबूल. पण १९३९ च्या जानेवारीत तिथे पिकासोचं 'गेर्निका' लागलं, बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या स्पॅनिश गावावरचं भलंमोठं चित्र. स्पेनचं यादवी युद्ध चालू होतं. प्रवेशासाठी मागणं काय होतं, तर आघाडीवर पाठवता येतील असे चांगल्या अवस्थेतले बूट. ते जोड चित्राखाली ओळीने मांडलेले असत. वर फुटलेलं गाव आणि खाली कामगारांचे बूट. आत शिरताना प्रत्येकाने काहीतरी आणलं होतं, त्यामुळे 'मी इथे काय करतोय' हा प्रश्न कुणाला पडला नसणार.

खडूस

बुटांची गोष्ट आवडली. प्रामाणिकपणे. पण युद्ध आणि पिकासो रोज मिळत नाहीत. साध्या मंगळवारी दुपारी काय?

नकाशा

चांगला धागा. मी नगररचनेत काम करतो, म्हणून रंगात भंग करणारा प्रतिसाद माझ्याकडून.

गॅलरीचा 'उपयोग' म्हटलं की आमच्या बैठकांत कुणीतरी लगेच बिल्बाओ म्हणतं. स्पेनच्या उत्तरेला, पोलाद आणि जहाजबांधणी बुडालेलं शहर. १९९७ मध्ये फ्रँक गेरीने आखलेलं गुगेनहाइम संग्रहालय नदीकाठी उभं राहिलं आणि पर्यटक लोटले. तेव्हापासून प्रत्येक मरगळलेल्या शहराला वाटतं, एक वाकडीतिकडी चकाकती इमारत बांधली की झालं. पण त्याच काळात बिल्बाओने नदी साफ केली, १९९५ मध्ये मेट्रो सुरू केली, बंदर समुद्राकडे हलवून नदीकाठ मोकळा केला. संग्रहालय त्या माळेतला एक मणी होता. नक्कल करणारे मणी उचलतात आणि दोरा विसरतात.

दुसरी बाजू अधिक कडू आहे. स्वस्त भाड्याच्या वस्तीत चित्रकार येतात, मागून गॅलऱ्या, त्यामागून घरांचे दलाल. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्स या प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या भागात २०१६ पासून रहिवाशांनी गॅलऱ्यांविरुद्ध उघड आंदोलन केलं. सूर असा, की आम्हाला परवडणारी घरं हवीत, तुमचं सौंदर्य नको. २०१७ मध्ये तिथलं एक ना-नफा दालनसुद्धा बंद झालं. त्या दालनाचा हेतू वाईट नव्हता. पण भाडेकरूला हेतू दिसत नाही, पुढचा करार दिसतो.

आणि छापखाना, व्हाइटचॅपलची पुढची गोष्टही सांगा की. शेजारी सार्वजनिक वाचनालय होतं, गरीब मुलं तिथे वाचून मोठी झाली. ते बंद झालं आणि २००९ मध्ये गॅलरी त्या इमारतीत पसरली. वाचनालयाचं काम दुसरीकडच्या नव्या केंद्रात गेलं हे खरं, पण खडूस यांच्या यादीतली पुस्तक देणारी जागा दोर दाखवणाऱ्या जागेने घेतली, याचं प्रतीक म्हणून मला ते अस्वस्थ करतं.

छापखाना

ती गोष्ट माहीत होती. सोयीची नव्हती म्हणून गाळली. पकडलंत.

पेन्सिल

मी प्राथमिक शाळेत शिकवते. मंगळवार दुपारचं उत्तर माझ्याकडे आहे, खडूस. मंगळवार दुपारी मी असते. चाळीस मुलांसह.

मुलांना ओल्या पायांची लाज नसते. ती आत शिरतात, जमिनीवर बसतात, 'हे कशाचं केलंय' विचारतात. मोठ्यांनी 'याचा अर्थ काय' विचारून स्वतःला अडकवून घेतलेलं असतं. अडचण वेगळीच आहे. मूल शाळेबरोबर एकदा येतं आणि ते येणं शाळेच्या खात्यात जमा होतं. जागा त्याची होत नाही.

यावर जपानमधल्या कानाझावाच्या '२१व्या शतकाच्या संग्रहालया'ने काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. २००४ साली उघडलेली इमारत, सेजिमा आणि निशिझावा यांच्या 'साना' या वास्तुरचना संस्थेने आखलेली. गोल, काचेची, पुढची-मागची बाजूच नाही, कुठल्याही दिशेने आत शिरा. मधल्या काही दालनांना तिकीट, पण बाहेरचा भाग विनातिकीट आणि रात्री १० पर्यंत उघडा, त्यामुळे लोक नुसते आरपार चालत जातात. शहरातल्या चौथीच्या मुलांना तिथे नेतात आणि जाताना प्रत्येकाच्या हातात 'पुन्हा एकदा' असं तिकीट देतात. मग ते मूल घरच्यांना घेऊन येतं, आणि तेव्हा वाट दाखवणारं तेच असतं. आई-बाप पाहुणे, मूल यजमान. हे तिकीट कुणाच्या डोक्यातून निघालं त्याला माझा नमस्कार.

बोलभांड

+१ पेन्सिल.

बाकी एक सांगू? मला गॅलरीत बसायला मिळत नाही याचा राग आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेली आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. लोक एका चित्रासमोर सरासरी २७.२ सेकंद थांबतात, आणि मध्यक काढला तर १७ सेकंद. यावर सगळे हळहळतात की लोकांना धीर नाही. अहो, उभं ठेवल्यावर आणखी काय होणार? सगळ्या दालनात एकच खुर्ची असते आणि तिच्यावर धागाकर्ती बसलेली असते.

खुर्चीवरून

बोलभांड, हे लागलं. 🙂

वाचनमात्र

चार वर्षांत पहिल्यांदाच लिहितोय.

सगळे 'शेजारी' हा शब्द भाषणातल्यासारखा वापरताय. मी खरोखर एका कलाकेंद्राच्या भिंतीला भिंत लागून राहतो. प्रत्येक उद्घाटनाला रात्री अकरापर्यंत आवाज, माझ्या फाटकासमोर गाड्या. दोनदा पत्र दिलं. उत्तरादाखल पुढच्या उद्घाटनाचं निमंत्रण आलं.

लंडनच्या टेट मॉडर्नचं प्रकरण त्यामुळे मी मन लावून वाचलं. २०१६ मध्ये त्यांनी नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चहूबाजूंनी शहर बघायचा सज्जा उघडला. समोर काचेच्या भिंतींची घरं. लाखो लोक शहर बघता बघता त्या घरांत बघू लागले, फोटो काढू लागले. रहिवासी तक्रार घेऊन गेले तेव्हा 'पडदे लावा' असा सल्ला मिळाला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयात हरले, २०२० मध्ये अपिलात हरले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ अशा निकालाने त्यांची बाजू मानली. हा शेजाऱ्यांना स्वतःचं घर वापरताना होणारा उपद्रवच आहे, असं ठरलं.

ती माणसं श्रीमंत होती, त्यामुळे त्यांची कुणाला फार दया आली नाही. मला आली.

नकाशा

वाचनमात्र, लिहीत जा हो. तुमच्या प्रतिसादातलं निमंत्रणाचं वाक्य मी एखाद्या बैठकीत वापरणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

छापखाना

मी चित्रकारांची बाजू थोडी मांडतो, नाहीतर धाग्यात आम्ही फक्त आरोपी.

शेजाऱ्यांना विचारलंच पाहिजे म्हणता. मग शिल्पकार रिचर्ड सेराच्या 'टिल्टेड आर्क'चं काय करायचं? १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात, सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात, १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी गंजत्या पोलादाची कललेली भिंत उभी राहिली. तिथले कर्मचारी वैतागले. रोज वळसा घालून जावं लागायचं. १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली, १८० जण बोलले. त्यातले १२२ 'राहू द्या' म्हणाले, ५८ 'काढा' म्हणाले. तरीही समितीने ४ विरुद्ध १ असा काढण्याचा निर्णय दिला आणि १९८९ मध्ये एका रात्रीत कापून नेली. सेराचं म्हणणं, हे काम याच जागेसाठी आहे, हलवलं म्हणजे नष्ट केलं.

आता यात लोकशाही कुठे आहे? बहुमताचं ऐकलं नाही, हे तर दिसतंच.

खडूस

बहुमत कुणाचं पण? त्या १२२ मधले किती जण रोज तो वळसा घालत होते? चित्रकार, क्युरेटर (म्हणजे प्रदर्शनं आखणारे), प्राध्यापक बोलायला आले असणार. त्यांना ती भिंत सुनावणीच्या दिवशी भेटली. कारकुनाला ती रोज सकाळी नऊला भेटायची.

छापखाना

कलाजगतातले पुष्कळ होते, हे खरं. पण मग ज्याच्या वाटेत काम येतं त्याला नकाराचा हक्क दिला तर जगात फक्त फुलदाण्या उरतील. समकालीन काम कधीकधी वाटेतच यावं लागतं.

नकाशा

दोघांचं भांडण एका जागी अडलंय. सेराला नेमताना त्या चौकात काम करणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते भिंत उभी राहिल्यावर चार वर्षांनी, आणि प्रश्न एकच: ठेवायचं की काढायचं? इतक्या उशिरा विचारलं की 'हो' किंवा 'नाही' एवढंच उरतं. माझ्या कामात हे रोज बघतो. आराखडा पक्का झाल्यावर सूचना व हरकती मागवतात.

खुर्चीवरून

नकाशा यांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं. आता आमच्या दालनाची एक फजिती सांगते, नाव न घेता.

गेल्या वर्षी ठरलं, समोरच्या वस्तीवर प्रदर्शन करायचं. एक चांगला छायाचित्रकार आला, महिनाभर वस्तीत फिरला, माणसांची मोठमोठी छायाचित्रं काढली. उद्घाटनाला वस्ती लोटली. मी इतकी माणसं तिथे कधी पाहिली नव्हती. आम्ही सगळे खूश. लोक आले, भिंतीवर स्वतःला शोधलं, त्यासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. शेवटच्या दिवशी चित्रं उतरवताना एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आला आणि मला म्हणाला, "माझा फोटो आता कुठे जाणार?" मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं. विचारलं, तर छापील प्रती छायाचित्रकाराच्या मालकीच्या, कराराप्रमाणे गेल्या. मुलाला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्याच्या त्या 'बरं'ला मी अजून उत्तर शोधतेय.

आम्ही त्या लोकांना भिंतीवर टांगलं, पण त्यांना ठरवायला काही दिलं नाही. कुठला फोटो लागेल, तेही नाही.

याच्या उलट मला जपानच्या नाओशिमा बेटावरचं एक काम आठवतं. तीनेक हजार वस्तीचं बेट, एका टोकाला जुना तांबं वितळवण्याचा कारखाना. १९९२ पासून तिथे तादाओ आंदोने बांधलेली संग्रहालयं उभी राहिली, पण गावाच्या दृष्टीने ती डोंगरापलीकडची बाब होती. १९९८ मध्ये होनमुरा गावातलं एक जुनं घर दुरुस्त करून तात्सुओ मियाजिमाने त्यात उथळ पाणी भरलं आणि पाण्यात आकडे मोजणारे १२५ छोटे दिवे सोडले. प्रत्येक दिवा १ पासून ९ पर्यंत मोजतो, शून्य दाखवत नाही, तिथे तो विझतो. कुठला दिवा किती वेगाने मोजेल हे मियाजिमाने ठरवलं नाही. ते गावातल्या १२५ माणसांनी ठरवलं, वय वर्षं ५ ते ९५. एक माणूस, एक दिवा, आपला वेग. नंतर त्या घरात शिरणारा गावकरी परक्याला बोट दाखवून 'तो माझा' म्हणू शकतो. पेन्सिल यांच्या 'पुन्हा एकदा' तिकिटासारखंच आहे हे, फक्त कायमचं.

खडूस

हे मात्र मान्य. पण मग चित्रकार कशाला हवा? लोकांनीच सगळं ठरवायचं तर समाजमंदिर म्हणा ना, दालन कशाला?

छापखाना

लोकांनी सगळं ठरवलंच नाही की. अंधार, पाणी, आकडे, शून्य न दाखवणं हे सगळं मियाजिमाचं. गावाला एकच गोष्ट दिली, पण ती खरी दिली. वेग बदलला की कामच बदलतं. सेराच्या चौकात असं काही देता आलं असतं का, याचा मी आता विचार करतोय. कदाचित नाही. काही कामं खरोखर एकट्याची असतात.

इंग्लंडच्या मार्गेटमधलं टर्नर कंटेम्पररी हे दालनही बघा. कवी टी. एस. एलियटने १९२१ मध्ये त्या समुद्रकिनारी बसून आपल्या दीर्घ कवितेचा काही भाग लिहिला होता. त्या कवितेवरचं २०१८ चं प्रदर्शन तिथल्या रहिवाशांच्या गटाने उभं केलं. कुठली कामं लावायची, हे त्यांनी वाचून, वाद घालून ठरवलं. क्युरेटर बरोबर होतेच, पण गटाच्या खांद्यावरून बघत.

पेन्सिल

वाचनमात्र यांच्या टेटनेही २०१८ मध्ये असं काही केलं होतं ना? तानिया ब्रुगेरा या कलावतीच्या कामात परिसरातल्या २१ शेजाऱ्यांचा गट होता. त्यांनी संग्रहालयाच्या एका इमारतीला वर्षभरासाठी एका स्थानिक कार्यकर्तीचं नाव द्यायला लावलं. नॅटली बेल यांचं. देणगीदाराचं नाव लागतं त्या जागी.

वाचनमात्र

म्हणजे एकीकडे शेजाऱ्यांचं नाव इमारतीला आणि त्याच वेळी दुसरीकडे शेजाऱ्यांशी कोर्टात खटला. एकाच आवारात. ही खरी समकालीन कलाकृती.

बोलभांड

😂 वाचनमात्र यांना आता वाचनमात्र राहू देऊ नका.

नकाशा

थोडं गंभीर. खडूस यांच्या 'समाजमंदिर म्हणा ना'ला एक उत्तर अमेरिकेत आहे. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड या कृष्णवर्णीय वस्तीत रिक लोव हा चित्रकार गरिबीवर मोठी चित्रं करत असे. एका शाळकरी मुलाने त्याला विचारलं, आमचं काय चाललंय हे आम्हाला माहीत आहे, तू कलाकार आहेस तर उपाय का नाही घडवत? १९९३ मध्ये लोव आणि सहकाऱ्यांनी पाडायला ठेवलेल्या २२ अरुंद, जुन्या घरांची ओळ हाती घेतली, 'प्रोजेक्ट रो हाउसेस'. काही घरांत चित्रकारांची मांडणशिल्पं, आणि शेजारच्याच घरांत शिकत असलेल्या एकट्या तरुण आयांची मुलांसह राहायची सोय. दोन्ही एकाच ओळीत. आजही चालू आहे. तिथे 'भाडी वाढतील'चं उत्तर भाषणात नाही, घरातच आहे. सगळ्या दालनांना हे जमणार नाही. पण अहवालात 'दृढ नातं' लिहिणाऱ्यांनी निदान एकदा वाचावं.

अवांतर: त्या मुलाला जमल्यास फोटो मिळवून द्या.

खुर्चीवरून

मिळाला. काल. छायाचित्रकाराला मी स्वतःच फोन केला, तो बिचारा लगेच तयार झाला, त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. चार फुटी प्रत आहे. मुलाच्या घरात एवढी भिंत नाही, म्हणून ती गुंडाळून कपाटावर ठेवलीय, असं त्याची आई सांगत होती. याला मी यश म्हणणार नाही.

पण तीच आई आज आत आली. पहिल्यांदा. मी खुर्चीवरून उठले आणि तिला बसायला दिली. ती बसली आणि समोरच्या कामाकडे बराच वेळ बघत राहिली. नंतर म्हणाली, "हे वाकडं लावलंय." मी बघितलं. खरंच वाकडं होतं. तीन आठवडे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

खडूस

मुद्दाम वाकडं असेल. पट्टीवर काय लिहिलंय?

खुर्चीवरून

पट्टी सरळ आहे. चित्र वाकडं आहे. सोमवारी शिडी मागवलीय.